गोटा फेकणारा खांदा

गोटमारीवर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात पोरे लाकडी नंदी ओढत तान्हा पोळा मागत हिंडतात, नागपुरात मारबती निघतात आणि त्याच दिवशी इकडे जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर आमचे सावरगाव उभे राहते. मध्ये पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते, त्यावर झेंडा असतो. पांढुर्ण्याच्या लोकांनी तो काढायचा आणि आम्ही काढू द्यायचा नाही. दगड दोन्ही काठांवरून चालतात. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, दोघे नदीत अडकली आणि दोन्हीकडून दगड आले, ही कथा या अंकाच्या वाचकांना मी नव्याने सांगावी असे काही नाही. लिहिणाऱ्यांनी ही कथा लिहिली, चंडीमातेचे देऊळ लिहिले, बंदीचा वाद लिहिला. हिंदी वर्तमानपत्रे दरवर्षी जखमींचा आकडा देतात आणि तो शेकड्यांत असतो. पण त्या दिवसाचा खरा हिशेब ज्या गोष्टीत मांडला जातो, तिच्याविषयी कुणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. ती गोष्ट म्हणजे हाडे आणि त्यांचे सांधे.

मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. वर्गात सांगाड्याचा एक तक्ता होता. कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण हाडे शाबूत. मुले तो पाहून हसत, घाबरत आणि मग पाठ करीत : माणसाच्या शरीरात हाडे २०६. आकडा बरोबरच आहे, पण पाठ केलेल्या आकड्याने सांगाडा चालत नाही. दोन्ही हातांच्या पंज्यांत मिळून ५४ हाडे आणि दोन्ही पावलांत ५२, म्हणजे निम्म्याहून अधिक हाडे नुसती मनगटांच्या पुढे आणि घोट्यांच्या खाली, असे सांगितले की मुले आपापले हात उघडून पाहू लागत. तिथून पुढे शिकवणे सोपे जाई. आणि सावरगावच्या मुलांना सांधे शिकवायचे तर दगड कसा फेकतात, हे विचारण्यासारखा दुसरा धडा नाही.

दगड फेकणाऱ्याकडे एकदा नीट पाहा. तो गोटा उचलायला वाकतो, तेव्हा खुबा, टोंगळा आणि घोटा हे तीन सांधे एकदम मिटतात. गोट्याभोवती बोटे वळतात आणि अंगठा समोरून येऊन दाबतो. अंगठ्याच्या बुडाशी जो सांधा आहे तो घोड्यावरच्या खोगिरासारखा आहे, म्हणून अंगठा पुढे-मागेही जातो आणि आडवाही येतो. हा सांधा नसता तर दगड धरता आला नसता आणि पेनही नाही. मनगटात लहान लहान आठ हाडे दोन रांगांत बसलेली आहेत, एखाद्या पिशवीतल्या कवड्यांसारखी. कोपर ही दाराची बिजागरी : उघडते आणि मिटते. मात्र कोपराखाली दोन हाडे आहेत आणि त्यातले एक दुसऱ्यावर आडवे लोळते, त्यामुळे तळहात वर-खाली पालटता येतो. कुलपात किल्ली फिरवताना फिरते ते हे हाड. मग फेकणारा उलट बाजूचा पाय पुढे टाकतो, कंबर वळते, छाती तिच्यामागून वळते, हात मात्र मागेच राहतो आणि सर्वांत शेवटी खांद्यातून सुटतो.

यात एक गोष्ट मुलांना पटवायला वेळ लागे. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. हात कोपरात मिटवणारा स्नायू पुढच्या बाजूला, सरळ करणारा मागच्या बाजूला. एक ओढतो तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायचे. नांगराला जुंपलेल्या बैलांची उपमा मी देत असे आणि एक हुशार मुलगा म्हणाला होता, ‘‘गुरुजी, पण बैल तर दोघंही एकाच दिशेनं ओढतात.’’ त्याचे बरोबर होते. विहिरीच्या रहाटाच्या दोन बाजूंना दोन माणसे, एक ओढील तेव्हा दुसऱ्याने दोर सोडायचा, ही उपमा मग त्यानेच काढली.

खांद्यातून सुटणाऱ्या या हाताविषयी २०१३ साली ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकात नील रोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी बेसबॉल खेळणाऱ्या वीस तरुणांच्या अंगावर खुणा लावून, त्यांच्या फेकीचे कॅमेऱ्यांनी मोजमाप केले. हात मागे नेला की खांद्याभोवतीचे अस्थिबंध आणि स्नायूंची टोके ताणली जातात आणि गलोलीच्या रबरासारखी शक्ती साठवतात. फेकताना दंडाचे हाड खांद्यात गर्रकन वळते, त्या वळण्यातली जवळपास निम्मी शक्ती या साठ्यातून येते. कसलेल्या खेळाडूच्या दंडाचे हे वळणे सेकंदाला नऊ हजार अंशांपर्यंत पोचते. ही माणसाच्या शरीराची सर्वांत वेगवान हालचाल होय. चिंपांझी माणसाहून पुष्कळ बळकट. त्याला फेकता येते, पण त्याच्या फेकीचा वेग सराव केलेल्या बारा वर्षांच्या पोराच्या फेकीच्या साधारण एक तृतीयांश भरतो. त्याचे खांदे कानांकडे वर चढलेले, कंबर आखूड आणि ताठ. आपले खांदे खाली उतरलेले, बाहेर पाहणारे, आणि कंबर छातीपासून वेगळी वळणारी. ही ठेवण एकत्र आली ती सुमारे वीस लक्ष वर्षांपूर्वी, शिकार करून पोट भरणाऱ्या माणसाच्या पूर्वजांमध्ये, असे या अभ्यासकांचे म्हणणे आहे.

जामच्या काठावर म्हणूनच मला दरवर्षी दोन गोष्टी एकदम दिसतात. एक आपल्या दोन गावांची, काहीशे वर्षांची म्हणून सांगितली जाणारी. दुसरी वीस लक्ष वर्षांची. प्रशासनाने गोफणीला मनाई केली, ती योग्यच केली. गोफण म्हणजे हाताला जोडलेला आणखी एक सांधा आणि आणखी एक हाड. ज्वारीच्या वावरात मचाणावरून पाखरे उडवायला ती ठीक. समोर माणसे असताना तो वाढीव सांधा हातात देणे शहाणपणाचे नव्हे.

ज्या खांद्याने फेकायचे, त्या खांद्याची एक अडचण आहे. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा ज्या खाचेत बसतो ती खाच फार उथळ आहे. बशीत संत्रे ठेवावे तसा तो गोळा ठेवलेला आहे. आमच्याकडे उपमेला संत्र्यांचा तोटा नाही. चहूबाजूंनी चार स्नायू त्याला धरून ठेवतात आणि सगळा हात धडाला हाडाने जोडला गेला आहे तो एकाच ठिकाणी : गळ्याखालचे आडवे हाड, हिंदीत ज्याला हंसली म्हणतात, ते छातीच्या मधल्या हाडाला टेकते तिथे. हात सगळीकडे फिरतो तो या उथळपणामुळे. आणि सगळ्या मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वांत जास्त निखळतो, तोही याच उथळपणामुळे. खुब्याचे तसे नाही. मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत घट्ट बसलेला. त्याला अंगाचा भार वाहायचा आहे, दगड फेकायचा नाही.

या खोल सांध्याला आपल्याकडे फार जुने नाव आहे आणि ते स्वयंपाकघरातले आहे. सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक ‘उलूखल’, म्हणजे सरळ उखळ. काख आणि जांघ येथील सांधे उखळाचे. बोटे, मनगट, घोटा, टोंगळा आणि कोपर येथील सांधे ‘कोर’ या प्रकारचे, मिटणारे व उघडणारे. मणक्यांचे ‘प्रतर’, तरंगत्या फळ्यांसारखे एकावर एक. कवटीच्या हाडांचे ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवण. कवटीवरच्या त्या नागमोडी रेघा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना गोधडीचा टाका आठवल्याशिवाय राहणार नाही. आणि जबड्याचा सांधा ‘वायसतुंड’, कावळ्याची चोच. काही नावे आज पटत नाहीत, कंठ आणि डोळे यांनाही त्यात सांधे मानले आहे. काखेला जांघेइतकेच उखळ म्हणणेही मला थोडे खटकते, बशीला वाटी म्हटल्यासारखे. पण ज्याने ही नावे ठेवली त्याने हाडे हातात घेऊन पाहिली होती, यात शंका नाही.

पाहिली कशी, तेही त्या ग्रंथात आहे. प्रेत गवताने गुंडाळायचे, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात आडोशाला बांधायचे, सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचीने हळूहळू घासत थरामागून थर पाहायचा. आजच्या शवविच्छेदनाहून ही रीत निराळी. पण दोन हजार वर्षांच्या आसपासच्या ग्रंथात इतका स्पष्ट आग्रह आहे की, शल्यकर्म करणाऱ्याने शरीर डोळ्यांनी पाहिले पाहिजे. हाडांची संख्या सुश्रुत ३०० सांगतो, चरक ३६०. शाळेत मुले विचारीत, ‘‘मग खरे कोण?’’ गणती कशाची करता त्यावर ते आहे. चरकाने दातांबरोबर नखेही मोजली, सुश्रुताने दात आणि कूर्चा मोजल्या. तान्ह्या मुलाच्या अंगात पावणेतीनशेच्या आसपास वेगवेगळे हाडांचे तुकडे असतात आणि वाढताना ते जुळत जाऊन २०६ उरतात. १९०७ साली रुडॉल्फ हर्नले या पंडिताने या जुन्या गणत्यांवर सबंध ग्रंथ लिहिला आणि प्राचीन भारतीय वैद्यांचे हाडांचे ज्ञान किती बारीक होते, हे युरोपातल्या विद्वानांपुढे मांडले.

मला त्या संहितेतली सर्वांत आवडती गोष्ट वंगणाची आहे. गाडीच्या कण्याला तेल-वंगण घातले की चाक जसे नीट फिरते, तसे सांध्यांतल्या कफामुळे सांधे नीट चालतात, असे तिथे म्हटले आहे. पोळ्याला बैल धुऊन, शिंगे रंगवून, गाडीखाली टांगलेल्या नळकांड्यातले वंगण चाकाला घालणाऱ्या माझ्या आजोबांना हे वाक्य कुणी वाचून दाखवले असते तर ते म्हणाले असते, यात नवे काय? आज सांध्यातल्या त्या द्रवाविषयी पुष्कळ कळले आहे. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट, गुळगुळीत द्रव सांध्याच्या आतल्या अस्तरातून झिरपतो. हाडांच्या टोकांना कूर्चेचा चकचकीत थर असतो. त्या थरात रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. त्याला पोषण मिळते ते या द्रवातून, आणि सांधा हलत राहिला तरच द्रव त्याच्यात नीट मुरतो. लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लिहून ठेवले की, ही कूर्चा एकदा गेली की पुन्हा भरून येत नाही. अडीचशेहून अधिक वर्षे उलटली, तरी डॉक्टर टोंगळे दुखणाऱ्या म्हातारीला थोडेफार हेच सांगतात.

सुश्रुताने सांध्यांचे आणखी एक साधे विभाजन केले आहे : हलणारे आणि स्थिर. हातापायांचे, जबड्याचे आणि कमरेचे हलणारे, बाकीचे स्थिर. माणसाचे चालणे-फिरणे सांध्यात असते, ही समजूत मात्र ग्रंथांहूनही जुनी असावी. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तिथे अनेक वर्षे उत्खनन केले. तिथली शेतकरी वस्ती ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० या काळातली. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरीत. मोठ्या माणसांच्या अनेक दफनांत पावले नाहीत. घोट्याजवळून तोडून मग देह पुरलेला. गेलेले माणूस परत चालत येऊ नये, भूत होऊन घर सोडून जाऊ नये, म्हणून असे केले असावे, असा उत्खनन करणाऱ्यांचा तर्क आहे. तर्क बरोबर असो वा नसो, आपल्या माणसाला घराच्या अंगणात निजवताना त्याचा घोटा निवडून वेगळा करणाऱ्या त्या लोकांना, चालणे कुठे राहते हे पक्के ठाऊक होते. इतिहासाच्या पुस्तकांत राजांच्या सनावळ्या वाचल्या, पण या एका माहितीइतकी मला दुसरी कुठलीच चटका लावून गेली नाही.

आता थोडे आपल्या दुभाषी जिल्ह्याविषयी. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाड्याबरोबर पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसरही त्यातच आले. कचेरी हिंदी, घर मराठी. याचा परिणाम सांध्यांवरही झाला आहे, असे म्हटले तर हसू नका. आमची आजी ‘‘टोंगळ्यात ठणकते’’ म्हणते, दवाखान्यातला तरुण डॉक्टर ‘‘घुटना?’’ असे विचारतो, आणि आजी मान हलवते, कारण तिला वाटते तो घोटा म्हणतो आहे. मनगट म्हणजे कलाई, कोपर म्हणजे कोहनी, घोटा म्हणजे टखना, खुबा म्हणजे कूल्हा. हे कोष्टक घरातल्या नातवाला तोंडपाठ असते, म्हणून म्हाताऱ्यांबरोबर दवाखान्यात नातू पाठवावा लागतो. शाळेत तर याहून गंमत. मराठीत ‘स्नायू’ म्हणजे दंडाची बेडकी फुगते ती. हिंदी माध्यमाच्या मुलाला ती ‘मांसपेशी’, आणि ‘स्नायु’ हा शब्द त्याला बहुधा मज्जातंतूंच्या संदर्भात भेटतो. संस्कृत वैद्यकात स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोर : फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव माणसांचा भार पाण्यातून नेते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार वाहते, असा दाखला सुश्रुत देतो. एकच शब्द, तीन ठिकाणी तीन अर्थ. माझ्या एका घरात दोन माध्यमांची दोन नातवंडे आहेत, त्यांचे यावरून जेवताना भांडण झालेले मी ऐकले आहे. दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होते.

भाषेचे सोडा, शरीरही कधी कधी एका सांध्याचे दुखणे दुसऱ्याच्या नावावर सांगते. माझ्या आईचा उजवा टोंगळा दोन वर्षे दुखत होता. तेल झाले, शेक झाला, टोंगळ्याचा एक्स-रे झाला. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी टोंगळ्याला हात न लावता तिचा पाय उचलून खुब्यात फिरवला, आणि ती कळवळली. झीज खुब्यात होती. खुब्याला आणि टोंगळ्याला काही नसा सामाईक आहेत, त्यामुळे वरचे दुखणे खाली जाणवते. पुढे तिचा खुबा बदलला. धातूचा लहान गोळा आणि प्लास्टिकची वाटी, ही जोडी इंग्लंडातल्या जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये यशस्वी केली. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० साली मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा गुडघा बदलला, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया आपल्या गावागावांत बोलण्याचा विषय झाली. उखळ आणि मुसळ तेच, फक्त दगडाऐवजी धातू.

गोटमारीच्या दिवशी मोडते काय, याकडे आता वळतो. डोकी फुटतात ती सर्वांना दिसतात, रक्त वाहते म्हणून. हाडे मोडतात ती आत. समोरून दगड येताना माणूस विचार करीत नाही, हात आपोआप तोंडासमोर येतो आणि दगड कोपराखालच्या करंगळीकडच्या हाडावर बसतो. या मोडण्याला वैद्यकात वेगळे नाव आहे, बचावाचे मोडणे असा त्याचा अर्थ होतो. हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत या जागी जुळलेले हाड दिसले की, हा माणूस पडला नव्हता, कुणीतरी त्याच्यावर काही उगारले असावे, असा संशय संशोधक घेतात. बाकीच्या खुणा पाहिल्याशिवाय ते निकाल देत नाहीत. पण सावरगाव-पांढुर्ण्याची मसणे उद्या कुणी खणली तर त्याला बराच विचार करावा लागेल, एवढे खरे.

मोडलेल्या हाडाचे सुश्रुताने बारा आणि निखळलेल्या सांध्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. उपचाराचा क्रम आजही ओळखू येतो : ओढून सरळ करा, दाबून जागी बसवा, कामट्या लावून बांधा, हलू देऊ नका. कामट्यांसाठी कोणत्या झाडांच्या साली घ्याव्यात याची यादी दिली आहे : मोह, उंबर, पिंपळ, अर्जुन, बांबू, वड आणि पळस. पळस! नदीच्या मधोमध ज्या झाडासाठी हाडे मोडायची, त्याच झाडाची साल मोडलेल्या हाडाला बांधायला सांगितली आहे. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

बांधणे थंडीत सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधावे, समशीतोष्ण दिवसांत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. सैल बांधले तर सांधा स्थिर राहत नाही, फार घट्ट बांधले तर सूज, वेदना आणि पू. तरुणाचे हाड एका महिन्यात, मध्यम वयाच्याचे दोन आणि म्हाताऱ्याचे तीन महिन्यांत जुळते, असा त्याचा अंदाज. घट्ट बांधण्याविषयीचा इशारा मात्र आपल्या भागातले पुष्कळ हाडवैद्य विसरले. हाडवैद्यांची मी टिंगल करणार नाही. निखळलेला खांदा एका झटक्यात बसवणारे हात मी लहानपणी पाहिले आहेत, आणि रस्ते नव्हते तेव्हा शंभरेक किलोमीटरवरचे नागपूर ऐकायलाच बरे होते. पण कोपराजवळ हाड मोडलेल्या पोराच्या हाताला बांबूच्या कामट्या करकचून आवळल्या, पोर रात्रभर रडले आणि ‘‘दुखणारच’’ म्हणून कुणी सोडले नाही, तर रक्त अडून आतले स्नायू मरतात आणि बोटे कायमची पक्ष्याच्या नखांसारखी आत वळतात. रिचर्ड फोल्कमान या जर्मन शल्यवैद्यांनी १८८१ मध्ये याचे वर्णन केले. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. अक्षर सुरेख होते त्याचे, डाव्या हाताचे. बोटे थंड पडली, पांढरी-निळी झाली, मुंग्या आल्या किंवा बोटे सरळ करताना पोर किंचाळले की बांधलेले ताबडतोब सोडायचे आणि दवाखाना गाठायचा. प्लास्टर असले तरी हेच.

प्लास्टर आले ते १८५० नंतर, आन्तोनियस माथाइसन या डच लष्करी डॉक्टरने पट्ट्यांत जिप्समचे पीठ चोळून केलेले. १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि हाड न कापता दिसू लागले. मात्र या इतिहासातला माझा आवडता माणूस लिव्हरपूलचा ह्यू ओवेन टॉमस आहे, कारण तो हाडवैद्यांच्या घराण्यातला होता. वेल्समधल्या पिढीजात हाडवैद्यांचा हा वंशज रीतसर डॉक्टर झाला, आणि मोडलेल्या सांध्याला सक्तीची व दीर्घ विश्रांती हवी यावर त्याने आयुष्यभर हट्ट धरला. त्याने केलेली पायाची लोखंडी चौकट त्याच्या हयातीत फारशी कुणी मनावर घेतली नाही. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेले सैनिक शेकडा ऐंशीच्या प्रमाणात मरत होते. ती चौकट सर्रास वापरू लागल्यावर ते प्रमाण वीसच्या आसपास आले. घराण्यातले ज्ञान आणि कॉलेजातले ज्ञान एका माणसात एकत्र आले, त्याचे हे फळ. आपल्याकडे दोन्ही ज्ञाने एकमेकांकडे पाठ करून बसली.

हाड जुळले म्हणजे काम संपले, असे आपल्याकडे समजतात. प्लास्टर कापले की लोक घरी जातात आणि महिन्याभराने पाहावे तर हात कोपरात अर्धाच उघडतो. बांधून ठेवलेला सांधा आखडतो, कूर्चेला द्रव मिळत नाही, स्नायू बारीक होतात. त्याला पुन्हा चालते करायला दिवस लागतात आणि रोजचा सराव लागतो. सुश्रुताने हेही सोडलेले नाही. तळहाताचे हाड मोडून जुळले की आधी मऊ गोळा हातात धरायला द्यावा, मग जरा जड वस्तू, आणि हातात बळ आले की दगड धरायला द्यावा, असे त्याने सांगितले आहे.

माझ्या पुतण्याचा पंजा एका गोटमारीत मोडला होता. प्लास्टर निघाल्यावर त्याची मूठ वळेना. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी रबराचा चेंडू दाबायला सांगितले, तो घरात नव्हता. वहिनीने भिजवलेल्या कणकेचा गोळा त्याच्या हातात दिला. सकाळ-संध्याकाळ तो कणीक दाबत बसे आणि तिच्याच पोळ्या होत. दोन आठवड्यांनी खड्या मिठाची पुरचुंडी आली. पाचव्या आठवड्यात मी नदीवर गेलो आणि मुठीत बसेल असा एक गुळगुळीत, काळा गोटा निवडून आणला. तो धरून हात कोपरात वीस वेळा मिटायचा-उघडायचा, मग तळहात वीस वेळा पालटायचा. गोटा अजून आमच्या खिडकीत आहे, पावसाळ्यात दार आपटू नये म्हणून त्याला टेकू लावतात.